गरोदरपणातील व्यायामवर्ग : कोथरूडमधील पाच महिन्यांचा हिशेब

कर्वे रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गरोदर स्त्रियांसाठी एक व्यायामवर्ग चालतो. तेथे मी सतराव्या आठवड्यात नाव घातले आणि अडतिसाव्या आठवड्यापर्यंत, मधले दोन आठवडे वगळता, नियमाने गेले. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी एक तास, आणि महिन्याला साडेतीन हजार रुपये शुल्क. वर्ग चालवणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत. शुक्रवारी योगासने शिकवायला दुसऱ्या शिक्षिका येत. वर्गाचे नाव मी देणार नाही, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या अशा अनेक वर्गांना लागू पडाव्यात, अशी माझी समजूत आहे आणि त्यांचा सगळा भार या एकाच वर्गाने उचलावा, हे मला बरोबर वाटत नाही.

इमारतीच्या जिन्याशी एक पाटी आहे. तिच्यावर ‘नैसर्गिक प्रसूती, तेजस्वी बाळ, पूर्वीसारखा बांधा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. मी यांतल्या कशासाठीही गेले नव्हते. माझ्या आईला मधुमेह आहे, उंचीच्या मानाने माझे वजन आधीपासूनच जास्त होते आणि सहकारी बँकेतली माझी नोकरी दिवसाचे आठ तास खुर्चीत बसवणारी आहे, हे पाहून माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच हालचाल वाढवण्यास सांगितले होते. पाच महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की पाटीवरच्या तिन्ही गोष्टी कोणत्याही व्यायामवर्गाच्या हातात नसतात. ज्या हातात असतात त्या या वर्गाने बऱ्याच अंशी नीट केल्या, पण त्यांतली एकही पाटीवर नाही.

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे प्रवेशाच्या दिवशी झालेली चौकशी. शुल्क घेण्याआधी बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, रक्तदाब स्वतः मोजला, हिमोग्लोबिनचा अहवाल पाहिला आणि सोनोग्राफीच्या कागदावर वार कुठे आहे ते शोधून काढले. माझे हिमोग्लोबिन १०.४ होते. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया या गटात आढळल्या होत्या, त्यामुळे मी काही अपवाद नव्हते. सौम्य रक्तक्षयात व्यायाम थांबवावा लागत नाही, तीव्र असेल तर थांबवावा लागतो, हा फरक त्यांनी मला नीट समजावून सांगितला आणि लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, हेही बजावले. नंतर रक्तस्राव, पाणी जाणे, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला असणे, मुदतीपूर्वी कळा येणे, हृदयाचे किंवा फुप्फुसांचे विकार यांविषयी एकेक प्रश्न विचारून त्यांनी अर्ज भरून घेतला. माझ्याबरोबर नाव घातलेल्या एका मुलीची वार अठ्ठाविसाव्या आठवड्यातही गर्भाशयाच्या मुखावरच असल्याचे तपासणीत दिसले, तेव्हा बाईंनी तिला त्याच दिवशी थांबवले आणि उरलेल्या महिन्याचे पैसे परत केले. सुरुवातीला ही चौकशी मला कटकटीची वाटली होती, हे कबूल करते. आता मात्र एखाद्या मैत्रिणीने विचारले तर मी तिला एवढेच सांगते की जिथे पहिल्या दिवशी अहवाल न पाहता सतरंजी पसरायला सांगतात, तिथून उठून यावे.

प्रवेशकक्षाच्या भिंतीवर एक तक्ता होता आणि त्यावर ‘नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नये’ असे छापलेले होते. ही मर्यादा अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घालून दिली होती. जोराचा व्यायाम सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नये, असेही तेव्हा सांगितले होते. त्याच संघटनेने १९९४ मध्ये ही नाडीची मर्यादा काढून टाकली, म्हणजे तक्ता तीन दशकांमागचा म्हणायला हवा. मर्यादा काढण्यामागचे कारण साधे आहे. गरोदरपणात रक्ताचे आकारमान चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, स्वस्थ बसलेले असतानाही हृदयाचे ठोके मिनिटाला दहा ते वीसने वाढलेले असतात आणि श्रम वाढले की ते प्रत्येकीत वेगळ्या रीतीने वाढतात, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावला तर एकीला तो फार कडक होतो आणि दुसरीला फार ढिला.

बाई स्वतः तो तक्ता पाळत नव्हत्या. त्यांची पद्धत वेगळी होती. जागच्या जागी चालण्याचा किंवा पायरी चढउताराचा भाग चालू असताना त्या मधेच कुणाकडे तरी बोट दाखवून तेराचा पाढा म्हणायला सांगत. पाढा न अडखळता म्हणता आला तर श्रम योग्य, मधेच दम लागून थांबावे लागले तर वेग कमी करायचा, आणि कुणी तो चालीवर गाऊन दाखवला तर बाई हसून म्हणत, ‘तुम्ही अजून जाग्या झाला नाहीत, जरा हात उचला.’ बोलता यावे पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची कसोटी जगभर वापरली जाते. पाढ्यांमुळे ती आमच्या चांगलीच लक्षात राहिली. तेराचा पाढा मला अजूनही धापेशिवाय आठवत नाही.

घरी मात्र या सगळ्याला मान्यता मिळायला वेळ लागला. सासूबाईंचे म्हणणे, पहिलटकरणीने उड्या मारू नयेत. आईचे म्हणणे, तीन महिने झाले, आता पाचव्यापर्यंत स्वस्थ पड. शेजारच्या काकूंनी उलट सल्ला दिला की वर्गाला पैसे कशाला घालवायचे, रोज उकिडवे बसून फरशी पुसावी म्हणजे सुटका झटपट होते. यांत पडून राहण्याचा सल्ला सर्वांत जुना आणि सर्वांत निरुपयोगी आहे: मुदतीपूर्वीची प्रसूती टाळण्यासाठी सरसकट अंथरुणावर पडून राहण्याचा उपयोग होत नाही, उलट स्नायू अशक्त होतात आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. फरशीचे काम वाईट नाही, पण बाळंतपण त्याने सोपे होते याला आधार नाही आणि शेवटच्या महिन्यांत गुडघ्यांना ते जड जाते.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींची सून माझ्याबरोबरच गरोदर होती आणि सातव्या महिन्यापर्यंत ती चार घरी पाण्याच्या बादल्या उचलत होती. सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘तिचा बघ, आपोआप व्यायाम होतो.’ तसे ते होत नाही. व्यायाम म्हणजे ठरावीक वेळ, वाढवता-थांबवता येणारे श्रम आणि नंतर विश्रांती. तासन्‌तास उभे राहून जड ओझी उचलणे, दमल्यावर थांबण्याची मुभा नसणे आणि पोटात पुरेसे अन्न नसणे हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याचे परिणाम व्यायामाच्या लाभांत मोजता येत नाहीत. मी पैसे देऊन ज्या तासाला जात होते, त्या तासाची खरी किंमत मला त्या दिवशी कळली.

तासाची आखणी चांगली होती. पहिली दहा मिनिटे सांधे मोकळे करण्यात जात, नंतर वीस-पंचवीस मिनिटे चालणे आणि पायरीचा व्यायाम, नंतर रबरी पट्टा आणि एक-दोन किलोची वजने घेऊन खांदे, पाठ आणि मांड्यांचे व्यायाम, आणि शेवटी ताण सैल करणे. पोट पुढे येऊ लागले की शरीराचा तोल पुढे सरकतो, कमरेचा बाक वाढतो आणि संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडतात; त्यामुळे कंबर दुखणे हे गरोदरपणाचे सोबतीच होऊन बसते. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास माझी कंबर इतकी दुखत असे की बँकेच्या खुर्चीतून उठताना टेबलाला धरावे लागे. भिंतीला पाठ टेकवून अर्धे बसणे, गुडघे व तळहात जमिनीला टेकवून पाठीचा कणा वर-खाली करणे आणि कुशीवर झोपून मांडी उचलणे हे तीन व्यायाम बाईंनी मला रोज करायला सांगितले. दुखणे गेले नाही, पण तीन आठवड्यांत ते सोसण्याजोगे झाले. व्यायामाने कंबरदुखीची तीव्रता कमी होते आणि ती मुळातच होणार नाही याची खात्री मात्र नसते, असेच अभ्यासांतही दिसते.

आठवड्यातून तीन तास म्हणजे १८० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात, ज्यांना वैद्यकीय मनाई नाही अशा गरोदर स्त्रियांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे आणि त्यात स्नायू बळकट करणारे व्यायामही असावेत असे म्हटले आहे. कॅनडाच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ही १५० मिनिटे किमान तीन दिवसांत वाटावीत असे आहे. तासातला मोकळे होण्याचा आणि सैल होण्याचा वेळ वजा केला तर वर्गात खरे श्रम १०० ते ११० मिनिटांचेच होतात. उरलेला वेळ घरी चालून भरून काढा, हे बाई सांगत असत, पण वर्गाला जातो म्हणजे झाले अशी आमच्यातल्या बऱ्याच जणींची समजूत होती आणि ती मोडण्यासाठी एखादी साधी नोंदवही दिली असती तर बरे झाले असते.

आता ज्यासाठी मी गेले होते त्याविषयी. गरोदरपणातील मधुमेहाची चाचणी आपल्याकडे सोपी आहे: जेवलेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली ही पद्धत केंद्र सरकारच्या मार्गदर्शनातही आहे आणि साखर १४० किंवा अधिक आली की निदान पक्के होते. पहिल्या तपासणीत माझी १२२ आली होती. सव्विसाव्या आठवड्यात, नऊ आठवडे नियमाने व्यायाम केल्यानंतर, ती १४९ आली.

मला रडू आले आणि पुढचे दोन आठवडे मी वर्गाला गेले नाही. व्यायामाने हा धोका कमी होतो हे खरे आहे. कॅनडातील संशोधकांनी अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात केवळ व्यायाम करणाऱ्या गटात गरोदरपणातील मधुमेहाची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांनी, तर गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकाराची शक्यता सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसली. पण शक्यता कमी होणे म्हणजे ती संपणे नव्हे. वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरात इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत, आणि ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांच्या स्वादुपिंडाला हा जास्तीचा भार पेलतोच असे नाही. बाईंनी फोन करून विचारपूस केली आणि जे सांगितले ते पाटीवर लिहिण्यासारखे होते: मधुमेह झाला म्हणून व्यायाम वाया गेला असे नाही, उलट आता तो औषध आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो, म्हणून जेवणानंतर चाला, असे त्यांचे सांगणे होते.

त्यानंतर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मी पंधरा-वीस मिनिटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकरा मारू लागले, कारण आमच्या भागातील पदपथांवर उखडलेल्या फरश्या आणि दुचाक्या यांतून पोट सांभाळत चालणे हा वेगळाच धोका होता, आणि टेकडीवरचा उतार त्या दिवसांत नको, असे डॉक्टरांनी बजावले होते. भात कमी केला, ज्वारीची भाकरी आणि उसळी वाढवल्या. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली राहावी हे उद्दिष्ट होते आणि आहार व चालणे यांवर दोन आठवड्यांत ती १०८ ते ११६ च्या दरम्यान आली. इन्सुलिन किंवा गोळी घ्यावी लागली नाही. माझ्याच वर्गातील एकीने सगळे पथ्य पाळूनही तिला इन्सुलिन सुरू करावे लागले आणि त्यात तिची काही चूक नव्हती, हेही येथे नोंदवते.

बाळावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वर्गात प्रत्येकीच्या मनात असे आणि त्याचे उत्तर बाईंनी एकदा फळ्यावर आकृती काढून दिले. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे आईच्या रक्तात साखर वाढली की बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन वाढवते, बाळ अवास्तव मोठे होते आणि जन्मल्यावर नाळ कापली की त्याची साखर एकदम खाली जाऊ शकते. व्यायामाने बाळाचे वजन घटते ही भीती निराधार आहे. निरोगी गरोदरपणात व्यायाम करणाऱ्यांची बाळे कमी वजनाची निपजत नाहीत, मुदतीपूर्वी जन्मण्याचे प्रमाण वाढत नाही, आणि चार किलोंपेक्षा मोठ्या बाळांचे प्रमाण मात्र घटते. आई श्रम करत असताना बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला दहा ते तीसने वाढतात आणि थोड्या वेळात पूर्ववत होतात. नॉर्वेमध्ये ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, आईच्या हृदयाचे ठोके कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांपेक्षा वर गेले तेव्हा गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटून बाळाचे ठोके मंदावलेले आढळले. त्या मर्यादेखाली मात्र तसे झाले नाही. पाढे म्हणत पायरी चढणाऱ्या आम्हा बायकांना त्या मर्यादेची काळजी करण्याचे कारण नव्हते. ‘तेजस्वी बाळ’ या शब्दांना मात्र आधार काय, हे मी बाईंना विचारले तेव्हा त्यांनी ती पाटी जागेच्या मालकांनी लावली असल्याचे सांगितले आणि विषय बदलला.

शुक्रवारचा तास हा या वर्गाचा दुबळा भाग आहे. योगासनांविषयी मला आकस नाही. लोणावळ्याचे कैवल्यधाम आणि पुण्यातली अय्यंगार परंपरा यांच्या सान्निध्यात वाढलेल्या माणसाला तो असू नये. लोड, उशा, पट्टे आणि खुर्च्या यांचा आधार घेऊन आसन शरीराला बेतायचे, ही अय्यंगार पद्धतीची देणगी तर गरोदर स्त्रीला फारच उपयोगाची आहे, आणि नेहमीच्या योगशिक्षिका तसे शिकवीतही. पण त्या रजेवर असताना बदली आलेल्या शिक्षिकेने आम्हांला कपालभाती करायला लावली. श्वास जोराने बाहेर फेकताना पोटावर जो झटका येतो तो गरोदरपणात टाळावा, असे बहुतेक जाणकार सांगतात. त्याच तासाच्या शेवटी तिने आम्हा सगळ्यांना दहा मिनिटे उताणे झोपवून शवासन घेतले. मी तेव्हा तिसाव्या आठवड्यात होते. चार-पाच मिनिटांत मला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मळमळू लागले. विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपले असता गर्भाशयाचे वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब उतरतो. कुशीवर वळताच मला बरे वाटले. ही माहिती सोमवार-बुधवारच्या तासांना बाईंनी अनेकदा दिली होती, म्हणूनच मी स्वतः वळले. त्या दिवशी पहिल्यांदा आलेल्या दोघी तशाच पडून राहिल्या होत्या आणि त्यांना कुणी काही सांगितले नाही. तक्रार केल्यावर बाईंनी क्षमा मागितली आणि पुढचे दोन शुक्रवार स्वतः हजर राहिल्या, परंतु बदली शिक्षकाला लेखी सूचना देण्याची काही व्यवस्था तेथे नव्हती, ही उणीव लहान नाही.

दुसरी उणीव जागेची. एका वेळी आठ जणी असे सांगितले होते. मार्चपासून आम्ही बारा-तेरा होतो. दोन पंखे, पश्चिमेची खिडकी आणि एप्रिलमधली संध्याकाळची साडेपाचची वेळ यांमुळे दालन तापलेले असे, आणि गरोदर स्त्रीच्या शरीराचे तापमान फार वाढू नये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हे तर त्या वर्गातच शिकवले जात होते. आम्ही सहा जणींनी मिळून आग्रह धरल्यावर तास सकाळी साडेसातला घेण्यात आला. लिफ्ट मात्र माझ्या पाच महिन्यांत निम्मे दिवस बंदच होती. त्यावर बाईंचे उत्तर, ‘जिना हाही व्यायामच,’ हे विनोद म्हणून एकदा ठीक होते.

तिसरी उणीव जरा नाजूक आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे लघवी अडवताना आपण ज्या स्नायूंना आवळतो त्यांना आवळून सोडण्याचे व्यायाम, हे गरोदरपणातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी बोलले जाणारे व्यायाम आहेत. लवकर सुरू केले तर नवव्या महिन्यात आणि बाळंतपणानंतर शिंकताना-हसताना लघवी सुटण्याचा त्रास बराच कमी होतो. वर्गात ते शेवटच्या पाच मिनिटांत, सगळ्यांना एकत्र, तोंडी सांगून उरकले जात. आपण नेमका तोच स्नायू आवळतो आहोत की मांड्या आणि पोट, हे कुणाला कळत नव्हते आणि विचारायची लाज वाटत होती. माझे चुकत होते, हे मला प्रसूतीनंतर रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर समजले. फिजिओथेरपिस्टने चालवलेल्या वर्गात या एका गोष्टीसाठी प्रत्येकीला स्वतंत्र दहा मिनिटे मिळायला हवी होती.

छत्तिसाव्या आठवड्यात माझे बाळ पायाळू असल्याचे दिसले. बाईंनी छाती खाली आणि कंबर वर ठेवण्याचे एक आसन दाखवले आणि लगेच, त्याने बाळ फिरतेच याला पुरेसा पुरावा नाही, असेही सांगितले, याचे मला कौतुक वाटले. बाहेरून हाताने बाळ फिरवण्याच्या पर्यायाविषयी डॉक्टरांशी बोलणे झाले. गर्भजल कमी असल्याने त्यांनी तो नको म्हटले. एकोणचाळिसाव्या आठवड्यात सिझेरियन झाले. मुलगी २ किलो ९०० ग्रॅमची आहे आणि जन्मल्यानंतर तिची साखर एकदाही खाली गेली नाही. माझे वजन एकूण दहा किलोंनी वाढले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाची कड धरून, कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठले. ही उठण्याची रीत वर्गात पहिल्या आठवड्यातच शिकवली होती आणि टाके असताना तिचा जेवढा उपयोग झाला तेवढा इतर कशाचाही झाला नाही. आमच्या तुकडीतील नऊ जणींपैकी चौघींचे सिझेरियन झाले, आणि त्यांतली एक आपण व्यायाम कमी केला म्हणून असे झाले, असे मनाला लावून घेऊन बसली होती. तिला हे वाटायला लावण्यात त्या पाटीचा वाटा आहे.

पैशांचा विचार केला तर पाच महिन्यांचे साडेसतरा हजार रुपये ही थोडी रक्कम नाही. जिला कोणताही त्रास नाही, जी आधीपासून चालते किंवा पोहते आणि जिच्या डॉक्टर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात, तिने रोज अर्धा तास चालावे आणि हे पैसे वाचवावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि साखर तेथेही पाहतात, आणि व्यायामाला हरकत आहे का, हे तेथे विचारता येते. जिने कधीच व्यायाम केलेला नाही, जिची कंबर दुखते किंवा जिच्या घरात मधुमेह आहे, तिने मात्र पहिले दोन महिने तरी अशा वर्गाला जावे, असे मी म्हणेन, कारण आसने कुठेही शिकता येतात, पण रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणे, डोके ठणकणे, एकाच पोटरीला सूज येणे किंवा ठरावीक अंतराने पोट आवळणे यांपैकी काही झाले का, असे रोज तास सुरू होण्याआधी विचारणारे माणूस घरात सहसा नसते. या वर्गात तो प्रश्न एकही दिवस चुकला नाही, बदली शिक्षिकेचा तो एक तास सोडून.

सहा आठवड्यांनी केलेल्या चाचणीत माझी साखर ११८ आली. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मी बाळंतिणींच्या तुकडीत नाव घालायला गेले, तेव्हा उरलेल्या आठवड्याचे पैसे त्यांनी आपण होऊन नव्या शुल्कातून वजा केले. भिंतीवरचा १४० नाडीचा तक्ता काढलेला होता आणि त्याच्या जागी धोक्याच्या लक्षणांचा नवा तक्ता लावला होता. लिफ्ट चालू होती. जिन्याशी असलेली पाटी मात्र नव्याने रंगवून घेतलेली दिसली.